येताय की जाताय

आमच्या हिच्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी तिचं पद सांगतो आणि ते सांगून होईपर्यंत मलाच धाप लागते. संचालक, ऑनलाइन उच्च शिक्षण विभाग. कॉलेजचं नाव सांगणार नाही. तिचा पगार अजून तिथूनच येतो आणि माझ्या तोंडावर माझाच भरवसा नाही. मी विनोद पाष्टे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ग्रिलं आणि पत्र्याच्या शेड करून देतो. शिक्षण आयटीआय. घरात डॉक्टरेट एकच आहे, सगुणाची, आणि ती आम्हा दोघांना पुरून उरते.

लोकांना वाटतं, संचालक म्हणजे बाईचं काय मस्त चाललं असेल. बाजारात गाठून सांगतात, "वहिनींचा फोटो बघितला हो पेपरात." मी मान हलवतो. काय सांगू? फोटो बघितलात तेवढा पुरे, घरी येऊन बाई बघू नका, असं सांगू? ती घरात असून नसल्यासारखी असते. ताटात वाढलेलं खाते, कामाला निघते, परत आली की गॅलरीत बसून राहते. मी काहीतरी वेडंवाकडं बोलून तिला चिडवायला बघतो. पूर्वी ती अशी फटकन उलटायची की माझीच बोलती बंद व्हायची. आता नुसतं "हं" करते. त्या "हं"चा मला इतका राग येतो की काय सांगू.

सगुणाचं माहेर पालीच्या बरंच आत. एसटी यायची, वळायची आणि लगेच निघून जायची, असलं गाव. सासरे, काशीराम त्यांचं नाव, मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात होते. गणपतीला आणि शिमग्याला घरी. बाकी शेती, गुरं, पोरं सगळं सासूबाईंवर. वाडीत दहावीच्या पुढे गेलेली सगुणा पहिलीच मुलगी. रत्नागिरीला मावशीकडे राहून बीए झाली आणि एका पतपेढीत चिकटली. एमए तिने बाहेरून केलं. टपालाने पुस्तकं यायची, ती वाचायची, परीक्षेला जाऊन बसायची, बस्स. आमचं लग्न त्याच सुमारास झालं. एकदा उत्तरं लिहिता लिहिता म्हणाली, "अहो, मी लिहिलंय ते बरोबर आहे की चूक, एवढं सांगणारं एखादं माणूस असतं तर किती बरं झालं असतं." मी म्हटलं, मी आहे की. म्हणाली, "तुम्हाला अर्थशास्त्रातलं काय कळतं?" मी म्हटलं, काडीचं कळत नाही, पण सगळं बरोबर आहे म्हणून सांगेन. तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. तेव्हा हसायची हो ती.

पुढे ती प्राध्यापक झाली, पीएचडी केलीन, मुलं तिच्यावर जीव टाकायची. हे सगळं मी पटकन सांगून टाकतोय, कारण सुखाचं सांगायला काय वेळ लागतो? मग तो करोना आला आणि वर्ग आमच्या स्वयंपाकघरात आला. तांदळाच्या डब्यावर फोन उभा करून ती शिकवायची आणि मी शेजारी आवाज न करता मासळी साफ करायचो. समोर नुसते काळे चौकोन. एकाचं तोंड दिसायचं नाही. ही बिचारी दर दोन वाक्यांना विचारायची, "ऐकू येतंय का?" एके दिवशी गावाकडे अडकलेल्या कुणा पोराने, गाऱ्हाण्याला गावकरी देवापुढे ओरडतात तसं दणक्यात उत्तर दिलं, "होय म्हाराजा!" आणि एकेक करत सगळे काळे चौकोन ओरडायला लागले, होय म्हाराजा, होय म्हाराजा. सुरी माझ्या हातातून खाली पडली. त्या दिवशी ती मला म्हणाली, "अहो, माणसं आहेत पलीकडे. नुसतं आपण त्यांना हाक मारायला हवी."

पुढची सगळी वर्षं तिने त्याच एका गोष्टीसाठी घातली.

तिच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पा. हापूसची मोठी बागायत, माणूस तसा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कॉलेज स्वायत्त झाल्यावर आप्पांच्या डोक्यात आलं की घरबसल्या पदवी द्यायचा विभाग काढावा. मुख्य कोण? सगुणा. सुरुवातीला जे विद्यार्थी आले ते बघून बाकीच्या प्राध्यापकांनी नाकं मुरडली. बारावीनंतर लग्न होऊन गेलेल्या मुली, मुंबईत सिक्युरिटीला उभे राहणारे, आमच्या एमआयडीसीत कॅनिंगच्या कारखान्यात आमरस भरणाऱ्या दोघी बहिणी, नातवंडं झालेले एक गृहस्थ. सगुणाला मात्र आनंदाचं भरतं आलं. तिने नियम केला: प्रत्येक विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या शिक्षकाच्या नावावर, आणि त्या शिक्षकाने महिन्याला एकदा तरी त्याला फोन करायचाच. अभ्यासाचं काही नसलं तरी करायचा. वेळापत्रकात तिने या तासाचं नाव लिहिलं होतं, "विचारपूस". एका शहाण्याने तिला सांगितलं, मॅडम, यासाठी इंग्रजी शब्द आहे, तो घाला, बरा दिसतो. ती म्हणाली, "विचारपूस करायची आहे, दिसायचं नाहीये."

स्वतःच्या नावावर तिने सगळ्यात अडचणीतले घेतले. त्यांतली एक शमिका. वेळणेश्वरला दिलेली, नवरा मुंबईत, सासरचे लोक पर्यटकांना घरातल्या खोल्या भाड्याने देतात. तिचा फोन लागला की आमच्याकडे अशी सुरुवात व्हायची, "काय गो बाय, सासूबाईंचा गुडघा कसा आहे?" मग गुडघा, मग भात, मग नारळ, आणि मग कधीतरी मागणी आणि पुरवठा. मी म्हणायचो, ही शिकवणी चाललीय की सोयरीक? पण ती शमिका एकेक सत्र करत पुढे सरकत होती. अंगणवाडीत पर्यवेक्षिका व्हायचं होतं तिला, त्याला पदवी लागते. सगुणा घरात बोलायची ते असं, "शमिकाचं शेवटचंच सत्र राहिलंय हो आता." आमची लेक आर्या पुण्यात इंजिनियर झाली तेव्हासुद्धा तिने एवढं घर डोक्यावर घेतलं नव्हतं.

मग नाव झालं. नाव झालं की काय होतं, विद्यार्थी वाढतात. खेडपासून राजापूरपर्यंत आणि तिकडे नालासोपारा, दिवा, जिथे जिथे आपली माणसं तिथून प्रवेश यायला लागले. शिक्षक होते तेवढेच. आप्पा म्हणाले, "मॅडम, माणसं मी कुठून आणू?" खरंच कुठून आणणार होते? त्यांनी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर आणलं. विद्यार्थी बरेच दिवस गप्प राहिला की ते आपणहून त्याला मेसेज करणार, त्याचं उत्तर आपणच वाचणार आणि ठरवणार, हा राहणारा की सोडणारा. राहणारा हिरवा, सोडणारा लाल. शिक्षकांनी फोन करायचे ते फक्त लाल नावांना. सगुणा आधी कुरकुरली. पण तिलाही दिसत होतं की शिक्षकांच्या नाकी नऊ आलेत. लालांना तरी माणूस फोन करेल, एवढ्यावर तिने मान्य केलं.

कंपनीने पाठवलेला मेसेज वाचून मात्र ती भडकली. "आपण आपला अभ्यासक्रम खंडित करू इच्छिता काय?" म्हणाली, "ही काय कोर्टाची नोटीस आहे? माझी पोरं घाबरून फोन बंद करतील." मग तिने स्वतः बसून आपल्या बोलण्यातला मजकूर लिहिलान. मला वाचून दाखवलान. "काय चाललंय? बरेच दिवस दिसला नाहीत. येताय की जाताय, एवढं कळवा." मी म्हटलं, वा! कसं घरच्या माणसाने विचारल्यासारखं वाटतं. कंपनीवाल्यांनी सॉफ्टवेअरला शिकवून ठेवलं: येतो, येते, हो, आहे, असलं काही आलं की हिरवा. जातो, जाते, नको, सोडतो म्हटलं की लाल.

आणि काय सांगू, हिरवंगार झालं सगळं. आप्पांच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्यावर पट्ट्या. लाल शोधावी लागायची. ऑनलाइन शिक्षणात म्हणे सगळ्यांचं मोठं दुखणं हेच, की पोरं मधेच गळतात, आणि इथे तर गळतीच नाही! पेपरात फोटो आला. पुण्याला कुठल्याशा परिषदेत हिला बोलायला बोलावलं, शाल दिली. मी ड्रायव्हर म्हणून गेलो होतो आणि मागच्या रांगेत बसून उगाच आजूबाजूच्यांना सांगत होतो, ती आमची मिसेस.

एप्रिलमध्ये परीक्षा लागली. ऑनलाइनच, आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची. पहिल्या पेपरला हिरव्यांतले निम्मेही उगवले नाहीत. आधी वाटलं नेटवर्क गेलं. मग वाटलं सर्व्हर बसला. दुसरा पेपर, तिसरा पेपर, तेच. सगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. शमिकाही आली नव्हती. ती तर हिरव्यातली हिरवी. हिच्या मनात आलंच नव्हतं तिला फोन करायचं, कारण सगळा वेळ लाल नावांमागे जात होता.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी सकाळी शेजारच्या यमुनाबाई फणसाची भाजी घेऊन आल्या. बसल्या, सुनेच्या चार चुगल्या सांगितल्या आणि उठल्या. "येते हां सगुणा." सगुणा सवयीने म्हणाली, "अहो थांबा, डबा धुऊन देते." यमुनाबाई राहू दे राहू दे करत गेल्या. ही दारातच उभी. मी पेपर वाचत होतो.

"अहो, यमुनाबाई आत्ता काय म्हणाल्या?"

"सून आळशी आहे म्हणाल्या."

"ते नव्हे. उठताना काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? येते म्हणाल्या."

"आणि गेल्या कुठे?"

"घरी गेल्या. अजून कुठे जायच्या?"

ती दारातच खाली बसली. मला आधी काही कळेना, वाटलं चक्कर आली. मग ती म्हणाली, "विनोद, आपल्याकडे निघालेलं माणूस कधी 'जाते' म्हणतं का हो?" आमच्यात बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. तिने मारली, त्यावरून मी समजलो की हे काहीतरी भयंकर आहे.

आणि मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी मी एकदा घरातून निघताना "जातो" म्हटलं होतं तर आईने पाठीत धपाटा घातलान. जातो म्हणायचं नसतं. जातो म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही. कामावर निघाला, येतो. मुंबईला चालला, येतो. कायमचं घर सोडून पोरगी सासरी निघाली, तरी म्हणते, बाबा, येते. आणि ही कोकणातल्या माणसांना विचारत होती, येताय की जाताय! ज्याला राहायचं होतं तोही येतो म्हणाला. जो सोडून निघाला होता तो तर पाया पडून येतो म्हणाला.

तिने लॅपटॉप उघडून उत्तरं काढली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. "येते मॅडम." "येतो मॅडम, चुकलंमाकलं माफ करा." "येतो मॅडम, आशीर्वाद असू द्या." "खूप शिकवलंत, येते." अहो, एखाद्या शेंबड्या पोराला वाचून दाखवलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की ही माणसं निरोप घेतायत. पण वाचलं कुणी होतं? आणि प्रत्येकाला त्या सॉफ्टवेअरने खाली उत्तर दिलं होतं, "छान! आम्ही तुमची वाट बघतोय." मला पहिल्यांदा हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग तिचं तोंड बघितलं आणि हसू मावळलं.

"मी लिहिलं हे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी नाही, मी लिहिलं. पालीची ना मी? मला कळू नये?"

आता खरी अडचण ऐका. तिच्या विभागाचा एक नियम होता, लागोपाठ दोन सत्रांची परीक्षा दिली नाही की नोंदणी रद्द. मग शिकलेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्या वर्षापासून. या निघून गेलेल्यांतल्या बऱ्याच जणांची हीच दुसरी चुकलेली परीक्षा होती. शमिकाचीही. आधीची, दिवाळीतली चुकली तेव्हा नावं हिरवी होती, म्हणून पुढच्या खेपेला बसतील असंच सगळे धरून चालले होते. जूनअखेरीस पुरवणी परीक्षेचे अर्ज भरायचे, तेवढीच एक फट उरली होती. त्यात ही माणसं परत आणायची, किंवा नियम शिथिल करून घ्यायचा. नियम मान्यतेच्या कागदांत होता. शिथिल करायचा तर वर लिहायला हवं, का ते सांगायला हवं, आणि जूनमध्येच मान्यतेच्या नूतनीकरणाची समिती येणार होती.

ती आप्पांकडे गेली. परत आली तेव्हा मी अंगणात गाडी धुत होतो. म्हणाली, "आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं हो." आप्पांनी तिला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, जे गेले ते गेले. वर लिहिलंत तर विभाग बंद होईल. मग आज जे शिकतायत त्यांना तुम्ही काय सांगणार?"   मी नुसतीच आप्पांना शिवी हासडली आणि त्याने काही झालं नाही.

मग तिने फोन करायला घेतले. सगळ्या शिक्षकांना घेऊन, सुट्टी असून. काही नंबर बंद. काही जण नुसतं ऐकून घ्यायचे. सिक्युरिटीतला एक जण म्हणाला, आता कुठे मॅडम, ड्युटी बारा तासांची झाली. कॅनिंगवाल्या दोघी बहिणींतली धाकटी परत यायला तयार झाली, थोरली नाही. असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. शमिका फोन उचलत नव्हती. सगुणा म्हणाली, "आपण जाऊया का हो वेळणेश्वरला?" मी वर्कशॉपला कुलूप लावलं.

जयगडला गाडी फेरीबोटीत घातली, पलीकडे तवसाळला उतरलो आणि हेदवीवरून पोचलो. मे महिना, गावात पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांची ही गर्दी. शमिकाच्या अंगणात मांडव घालून टेबलं मांडली होती आणि एक किडकिडीत मुलगी दोन्ही हातांत सुरमईच्या थाळ्या घेऊन पळत होती. सगुणाने तिला कधी समोर बघितलंच नव्हतं. फोनवरच्या चौकोनात बघितलेली. पण आवाजावरून ओळखलान. मुलगी कुणाला तरी म्हणत होती, "आणते हां सोलकढी." सगुणा उभी राहिली आणि म्हणाली, "काय गो बाय, सासूबाईंचा गुडघा कसा आहे?"

पोरीने वळून बघितलं. तिने हातातल्या थाळ्या आधी टेबलावर नीट ठेवल्या, पदराला हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. आम्हाला आत नेऊन बसवलं. मध्येच बाहेरून हाक यायची, ताई, दोन चपात्या, आणि ती उठून जायची, परत येऊन बसायची. असं तुटक तुटक बोलणं झालं. सीझन वाढला, गुडघ्याने सासूबाई बसूनच राहिल्या, माणूस परवडत नाही, अभ्यास मागे पडला. सगुणा म्हणाली, "अगो, मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं की मॅडम. येते म्हणून लिहिलं की."

"मला कळलं नाही गो."

 शमिका म्हणाली, रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली, "येते म्हटलं की समोरचा थांब म्हणतो ना हो मॅडम. मला वाटलं, तुमचा फोन येईल, तुम्ही थांब गो म्हणाल. पहिल्या वर्षी दोनदा म्हणाला होतात. मी वाट बघितली. मग 'छान' असं आलं. म्हटलं, बरोबर आहे, एवढ्या जणांत माझं एकटीचं काय अडलंय कुणाचं."

सगुणाने तिचा हात धरलान. म्हणाली, "मी आता सांगते, थांब. एकच सत्र आहे. जूनअखेरपर्यंत अर्ज भर, मी रोज फोन करून शिकवीन." शमिकाने हात सोडवून घेतला नाही. पण म्हणाली, "आता नको मॅडम. सोडायचं म्हणून मनाला समजावता समजावता मला सहा महिने लागले. पुन्हा त्यात मन घालायचं आणि पुन्हा नाही झालं तर?" बाहेरून सोलकढीची हाक आली. आम्ही उठलो. तिने आम्हाला नारळ दिले.

परतीच्या वाटेवर फेरीबोटीत सगुणा गाडीतून उतरली नाही. मी खाली उतरून खाडी बघत होतो आणि काचेतून ती दिसत होती, समोर बघत बसलेली. मला तेव्हा भीती वाटली. माणूस रडलं की त्याला धरता येतं. ही रडतच नव्हती.

जूनमध्ये समिती आली. तीन जण, जेवणं, हार, पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या. सगुणाने मला काही सांगितलं नव्हतं, पण तिने करायचं ते केलं. आप्पा समोर बसलेले असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, "हे आकडे खरे नाहीत." येते आणि जाते, सगळं समजावून सांगितलं. समितीचे प्रमुख कुठल्याशा विद्यापीठाचे मोठे माणूस होते. ते मनापासून हसले म्हणे. म्हणाले, "भाषेची गंमत आहे हो मॅडम! पण गळती सगळीकडेच असते. तुमची इतरांएवढीच निघाली, एवढंच ना? पुढच्या वेळी बटणं द्या, एक आणि दोन." मान्यता मिळाली. विभाग बंद झाला नाही. आप्पा रागावले नाहीत, उलट जेवताना तिला म्हणाले, बघा, उगाच घाबरत होतो आपण. नियमाचं तिने तिथेही विचारलं. प्रमुख म्हणाले, नियम तो नियम, एकाला सोडलं की सगळे मागतील.

ती घरी येऊन मला म्हणाली, "मला वाटलं होतं, निदान कुणीतरी चिडेल." पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. "अहो, इतकी माणसं गेली आणि कुणाला काहीच वाटलं नाही." मी तिला जवळ घेतलं. मला दुसरं काय येतं?

जून संपला. अर्जाची खिडकी बंद झाली. सॉफ्टवेअर ते काम बरोबर करतं, एक क्षण इकडचा तिकडे होत नाही. सगुणाने शेवटच्या दिवसापर्यंत शमिकाला मेसेज केले. उत्तर नाही.

जुलैतला पहिलाच रविवार होता. मी मागच्या पडवीत पन्हळ ठोकत होतो आणि ती भाजी निवडत होती. फोन वाजला. नाव बघून ती ताडकन उठली, भाजी सगळी खाली. स्पीकरवर टाकलान.

"मॅडम, मी शमिका." आवाजात काय आनंद होता हो त्या पोरीच्या! "मॅडम, सासूबाई म्हणाल्या, पावसाळ्यात खोल्या रिकाम्याच असतात, मी बसल्या जागी बघते, तू तेवढी परीक्षा उरकून टाक. यांनी पण मुंबईहून हो म्हटलंय. मॅडम, मी येते."

यावेळी ती खरंच येत होती. कुठल्याही सॉफ्टवेअरला कळलं असतं इतकी येत होती. सगुणाने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. मला तिच्याकडे बघवेना.

"शमिका," ती म्हणाली. "मुदत संपली गो. गेल्या मंगळवारी."

"पण मॅडम, तुम्ही आहात ना? तुम्ही तिथल्या मुख्य ना?"

"मी आहे गो," सगुणा म्हणाली. "माझ्या हातात नाही. नोंदणी गेली. आता पहिल्या वर्षापासून."

पलीकडे काहीच ऐकू येईना. नेटवर्क गेलं असं वाटलं. सगुणाने सवयीने विचारलं, "ऐकू येतंय का?"

"येतंय मॅडम," शमिका म्हणाली. मग म्हणाली, "बरं मॅडम. ठेवते."

सगुणा म्हणाली, "थांब." पुन्हा म्हणाली, "थांब गो, थांब." मी हातोडी खाली ठेवून जवळ गेलो. फोनचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

"अगो," मी म्हटलं, "तिने ठेवलान."